आयोवात केलेली सही

२९ एप्रिल

डेल रस्टॅडने आज बैठकीआधी आपल्या राज्याचा नकाशा भिंतीवरून उतरवला आणि त्याच खिळ्यावर आयोवाचा टांगला. गव्हर्नर थॉर्सबी आले, नकाशाकडे बघून हसले, म्हणाले, "चला, कुठून सुरुवात?" साहेबांना राष्ट्राध्यक्ष व्हायचंय, आणि त्या शर्यतीतली पहिली मतं आयोवात पडतात. प्रचार डेलच्या हातात. म्हणजे हल्ली राज्यही त्याच्याच हातात.

३ मे

प्रसूती विभागांचं विधेयक आलं टेबलावर. दोन्ही सभागृहांत मंजूर. वॉशिंग्टनची मदत घ्यायची आणि तीन गावांच्या इस्पितळांतले बाळंतपणाचे वॉर्ड चालू ठेवायचे, एवढंच आहे त्यात. जानेवारीत साहेबांनी स्वतः जाहीर केलं होतं - कचेरीची वकील असूनही भाषण मीच लिहिलं होतं. तीनातला एक वॉर्ड कोल्टरचा. विधेयक पडलं तर एक जूनला कुलूप.

सॉलीला बाळंतपणाची वीस जून तारीख दिलीय. मागच्या खेपेला तिचं रक्त थांबेना. कोल्टरचा वॉर्ड तिच्या घरापासून चार मिनिटांवर होता म्हणून माझी बहीण आज आहे. त्यानंतरचं इस्पितळ ब्याण्णव मैलांवर. ब्याण्णव!

साहेबांनी सही केली की कायदा. नकाराच्या पत्रावर सही करून व्हेटो केला की संपलं. दहा दिवसांत काहीच केलं नाही तरी कायदा. म्हणजे तेरा तारखेपर्यंत.

५ मे

डेल म्हणाला, "व्हेटोचं पत्र तयार कर."

मी म्हटलं, "जानेवारीत आपणच तर -"

"जानेवारीत आपण उमेदवार नव्हतो, इंग्रिड. वॉशिंग्टनपुढे हात पसरणारा माणूस आयोवात आपल्या पक्षाच्या लोकांसमोर उभा राहू शकत नाही."

लिहिलं. चांगलं लिहिलं, हीच तर शरम. डेलने दोनदा वाचून मान डोलावली. माझीच मला शिसारी आली. राजीनामा द्यावा? दिला तर हेच पत्र दुसरं कुणीतरी जरा वाईट लिहील, एवढाच फरक.

७ मे

सॉलीचा फोन. "ताई, तू तिथे बसलीयस ना? मग मला कसली काळजी?" मी हवेबद्दल बोलत राहिले.

९ मे

शेवटचा उपाय करून पाहिला. ब्रँडवोल्डबाईंकडे गेले. त्या उपगव्हर्नर. आपल्या राज्यघटनेतलं ते घोडागाडीच्या काळातलं कलम अजून कुणी काढलेलं नाही - गव्हर्नरने राज्याची हद्द ओलांडली की परत येईपर्यंत सगळे अधिकार उपगव्हर्नरचे. साहेबांचं विमान सुटताना बाईंकडे चिठ्ठी जाते, आणि बाई विणकाम घेऊन मोठ्या टेबलाशी येऊन बसतात. यंदा इतक्या वेळा बसल्यात की स्वेटर पुरा झाला.

म्हटलं, "बाई, उद्या साहेब आयोवात. विधेयकावर तुम्ही सही करू शकता."

बाईंनी सुया खाली ठेवल्या. "अगं, तो राष्ट्राध्यक्ष झाला की ही खुर्ची माझी. आणि त्याने मनात आणलं तर नाहीसुद्धा. तीन वॉर्डांसाठी आत्ता त्याच्याशी वैर घेऊ?" मग डबा पुढे सरकवला. "घे. रुबार्बच्या वड्या आहेत, घरच्या."

घेतली. न खाता पर्समध्ये टाकली.

१० मे

हे लिहावं की नाही कळत नाही. लिहिते.

डेलची नवी टूम - व्हेटोवर सही इथे नाही, आयोवात करायची. डुकरं पाळणाऱ्या एका शेतकऱ्याच्या अंगणात, कॅमेऱ्यांसमोर. सकाळी अकराला साहेबांचा तिथून फोन. मागे डुकरांचा गोंधळ ऐकू येत होता. "इंग्रिड, पत्र हातात आहे. इथे सही केली तर चालेल ना?"

चालत नाही. तिथे ते गव्हर्नरच नाहीत. त्या घटकेला गव्हर्नर इथे बसून विणतेय! आयोवातली सही म्हणजे नुसतं एका पाहुण्याने कागदावर लिहिलेलं नाव.

मी म्हटलं, "चालेल, साहेब."

मग म्हणाले, "बरं." फोन बंद.

अकरा वर्षं वकील आहे या कचेरीत. कायद्याबद्दल खोटं कधी बोलले नव्हते.

११ मे

काल सही झाली, टाळ्या झाल्या, सगळ्या वाहिन्यांवर दाखवली. पत्र राज्याच्या नोंदणी कचेरीत गेलं. साहेब परत आले.

१२ मे

अजून एक दिवस आहे. साहेब पलीकडच्या खोलीत आहेत, कागद नव्याने पुढे ठेवला तर दोन मिनिटांत इथे सही होईल आणि व्हेटो पक्का होईल. हे फक्त माझ्याच लक्षात आलंय असं दिसतं. सांगितलं तर सॉलीचा वॉर्ड माझ्या हाताने बंद. नाही सांगितलं तर मी कसली वकील? अ‍ॅटर्नी जनरलच्या लक्षात आलं तर? दाराबाहेर पाऊल वाजलं की मी फाईल मिटते.

संध्याकाळी साहेबांनी फायली हातावेगळ्या केल्या. "अजून काही, इंग्रिड?"

"नाही, साहेब."

१३ मे

काही झालं नाही. कचेरी पाचला बंद झाली.

१४ मे

नोंदणीवाल्यांनी आज सकाळी पत्र परत पाठवलं. राज्याबाहेरची सही, अग्राह्य. मुदत काल संपली. विधेयक कायदा झालं.

मी कँटीनमध्ये ट्रे घेऊन रांगेत उभी होते. टीव्हीवर साहेब. "माझ्या वकीलबाईंनी मला चुकीचा सल्ला दिला. त्या आता आमच्या सेवेत नाहीत." असं कळलं मला! पुढच्या माणसाने वळून माझ्याकडे बघितलं आणि पटकन सूपकडे वळला.

डेलला वाटलं होतं त्याहून बरं झालं म्हणे. "आयोवात कोण कलमं वाचतंय? त्यांनी सही बघितली."

सॉली फोनवर हसत होती, रडत होती. "ताई, जन्मात एकदा चुकलीस, ते माझ्या कामाला आलं बघ." तिला खरं सांगता येत नाही. कुणालाच सांगता येत नाही. पण वॉर्ड आहे. एवढं धरून बसायचं.

१५ मे

टेबल आवरत होते. साहेब आले, दार लावलं, उभ्यानेच बोलले. "ब्रँडवोल्डबाईंना चिठ्ठी गेल्याशिवाय माझं विमान हलत नाही. मी कुठे गव्हर्नर असतो आणि कुठे नाही, हे मला कळतं, इंग्रिड."

"मग मला विचारलंत कशाला?"

"मला नकार तिकडे हवा होता. इकडे वॉर्ड बंद करायचे नव्हते. अ‍ॅटर्नी जनरलला विचारलं असतं तर तो खरं बोलला असता. तुझी बहीण कोल्टरला आहे."

मग म्हणाले, मी तोंड उघडलं तर त्यांना नाइलाजाने कोर्टात जाऊन, वकिलाने मुद्दाम फसवलं म्हणून, व्हेटो खरा करून घ्यावा लागेल. जूनच्या आत.

"कळलं ना?"

"हो, साहेब."