मेहकरच्या चरकाचं चाक

प्रिय अप्पा,

तुम्ही होतात तोवर तुम्हाला मी एकही पत्र लिहिलं नाही. तशी गरजच पडली नाही. फोन लावला की 'बरी हाईस न्हवं? जेवलीस?' एवढं विचारायचात आणि फोन अव्वाच्या हातात द्यायचात. आज लिहायला बसलेय, कारण गेल्या काही दिवसांत जे घडलं ते पुरतं तुम्हालाच कळेल. अव्वाला सांगितलं, दत्तूला सांगितलं. दोघांनी कौतुक केलं. पण मधेच थांबवून 'उतार किती दिलीस?' असं विचारणारं आता घरात कोण आहे?

तर ऐका. मेहकरच्या वैजनाथकाकांच्या गुऱ्हाळावर उसाच्या चरकाला नवं चाक बसलं, आणि ते चाक मी केलं. व्हय अप्पा, मीच!

जुनं चाक तुमच्या लक्षात असणारच. मी सातवीत होते तेव्हा चरकाचं मूळचं चाक फुटलं होतं. चरक बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडलेला. तुम्ही भालकीच्या आपल्या शेडात सागवानाचं तसंच चाक कोरलंत. महादप्पा मेस्त्रींच्या फाउंड्रीत तो लाकडी नमुना ओल्या वाळूत दाबला, अलगद वर काढला, आणि खाली जी पोकळी राहिली तिच्यात वितळलेलं लोखंड ओतलं. तुमचं कोरणं चालू असायचं तेव्हा मी शेडच्या उंबऱ्यावर बसून दाते मोजायचे. अठ्ठेचाळीस!

तुम्ही हाक मात्र दत्तूला मारायचात. 'ये रे, पटाशी धर.' तो मागच्या दारानं पसार व्हायचा. मी समोर बसलेली असायचे, तरी 'तू धर' असं कधी म्हणाला नाहीत. कामून, अप्पा? एकदा मी आपणहून रंधा उचलला तर म्हणालात, 'हात खराब हुतील, शैला. पुस्तक घे.' घेतलं पुस्तक. बिदरला डिप्लोमा केला, कलबुर्गीत नोकरी लागली. माझं वाईट काहीच झालं नाही. पण त्या रंध्याचं मला अजून वाटतं, हे तुम्हाला सांगून ठेवते.

माझं काम नेमकं काय, हे तुम्ही शेवटपर्यंत नीट विचारलं नाहीत. 'लाईट मारून माप घेतीया' असं लोकांना सांगायचात आणि स्वतःच हसायचात. आता हसू नका. इस्त्रीएवढं यंत्र असतं, हातात धरायचं. त्याला दोन कॅमेरे, आणि ते वस्तूवर लेसरच्या बारीक रेघा टाकतं. सपाट जागी रेघ सरळ पडते, गोलाईवर वाकते, खाचेत तुटते. ते वाकणं-तुटणं दोन कॅमेरे दोन बाजूंनी बघतात आणि त्यावरून प्रत्येक ठिपका कुठं आहे ते संगणक काढतो. वस्तूवर आधी टिकल्यांसारखे चमकते ठिपके चिकटवायचे, म्हणजे यंत्राला आपण कुठं आहोत ते कळत राहतं. मग भिंतीला चुना मारावा तसा हात फिरवायचा. पडद्यावर वस्तू उमटत जाते. तुम्ही कॅलिपर लावून वीस-पंचवीस जागी माप घ्यायचात. हे यंत्र लाखो जागी घेतं.

आता अवघड भाग. तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि दत्तूला मोटारीच्या दुकानासाठी शेड मोकळं करायचं होतं. कोपऱ्यात तुमचे सगळे लाकडी नमुने रचलेले होते. चाकं, पुल्या, पंपांची पोटं. दत्तूनं विचारलं, 'ताई, ह्यांचं काय करायचं?' मला दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं होतं. मी म्हणाले, 'जाऊ दे. कुणाला लागणार हाय आता?' त्या हिवाळ्यात आपल्या आणि शेजारच्या बंबात ते सगळं जळलं. अप्पा, माझ्या हातात असं यंत्र होतं की एका दिवसात सगळ्यांची मापं घेऊन झाली असती! परक्या कारखान्यांतली झिजलेली चाकं मी रोज मापायचे, आणि बापाचं काम मला दिसलं नाही. दत्तूला बोल लावू नका. त्यानं विचारलं होतं.

गेल्या महिन्यात वैजनाथकाकांचा फोन आला.

"शैला, चरक बसला गं. मोठं चाक गेलं, तीन दाते उडाले. अप्पाचा लाकडी नमुना हाय न्हवं शेडात?"

"न्हाई, काका. जळाला."

"जळाला? आग लागली हुती का?"

"न्हाई. आम्हीच जाळला."

काका हळूच म्हणाले, "बरं. आता काय करावं मग? तोडलेला ऊस वाळायलाय. माणसं बसून हाईत."

रागावले असते तर बरं वाटलं असतं. मी म्हणाले, "काका, चाकाचा एक तुकडाबी टाकू नका. मी येते."

साहेबांना खरं ते सांगितलं आणि यंत्र मागून घेतलं. मेहकरला पोचले तर चुलवाण थंडगार, रस आटवायच्या काहिली पालथ्या, आणि चाक पोत्यावर मांडलेलं. दाते घासून घासून आरशासारखे झालेले. चकाकीवर लेसर फसतो, म्हणून मी आधी पांढरी पूड फवारली. चरकात ऊस सारणारी गंगूमावशी जवळ येऊन बसली.

"फोटू काढायलीस का गं?"

"न्हाई मावशी, माप घ्यायले."

"हात न लावता?"

"हात न लावता."

"मग कसं कळतंय त्याला, कुठं दुखायलंय ते?"

मी हसले. किती नेमकं विचारलं होतं तिनं, ते मला पुढे कळलं!

चाक पडद्यावर आलं. तुटलेल्या तीन दात्यांच्या जागी मी शेजारचा चांगला दाता उचलून बसवला. लोखंड थंड होताना आखडतं म्हणून नमुना थोडा मोठा धरला. वाळूतून सुटायला उतार दिला. ऐकलंत? उतार विसरले नाही! कलबुर्गीत दारांवर वेलबुट्टी कोरणारं एक यंत्र आहे, त्याच्याकडून सागवानात नमुना कोरून घेतला. महादप्पा मेस्त्रींनी ओतलं, मधलं भोक लेथवर करून घेतलं, आणि चौथ्या दिवशी चाक चरकावर चढलं.

काय आवाज, अप्पा! खडखड, खडखड, जणू आत कुणी दगड टाकलेत. चरकाचा सांगाडा हलायला लागला. काकांनी मोटार बंद केली. सगळी माणसं माझ्याकडे बघत उभी राहिली. गंगूमावशीनं हातातला ऊस मुकाट खाली ठेवला.

महादप्पा मेस्त्री आता फार थकलेत. तरी गाडीवर बसून आले होते. त्यांनी दात्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "पोरी, ओतकाम बरोबर हाय. माप बी बरोबर हाय. पर तू म्हाताऱ्याचा म्हाताराच काढलीस."

"म्हणजे?"

"जुनं चाक झिजलेलं हुतं. तू झीज बी उतरवून घेतलीस. तुझा अप्पा झिजलेलं बघायचा आन् नवं करायचा."

मला रडू आलं नाही. राग आला, स्वतःचा. सहा वर्षं हेच काम करतेय मी! जे आहे ते यंत्र दाखवतं. जे होतं ते आपल्याला ओळखावं लागतं. हे मला ठाऊक होतं, पण घाईत मी चांगला दाता म्हणून जो उचलला तोही निम्मा झिजलेलाच होता.

तिथंच बाजेवर लॅपटॉप उघडला. तुम्ही कसं करायचात ते आठवायला लागले. तुम्ही चाक हातात घेऊन आधी त्याच्या तोंडाकडे कधीच बघायचा नाहीत. कडेकडे बघायचात. नखानं कड खरवडायचात, डोळा बारीक करायचात. कामून कड? आणि मला लख्ख दिसलं. या चाकाला फिरवणारं छोटं चाक रुंदीनं कमी आहे. म्हणजे मोठ्या चाकाच्या प्रत्येक दात्याच्या एका कडेला बोटभर पट्टी अशी असणार, जिला छोटं चाक कधी शिवलंच नाही. तिथं दाता नव्यासारखा असणार!

पण माझ्या पडद्यावर ती पट्टी नव्हती. तिथं ग्रीस आणि उसाची मळी यांचा थर बसून दगड झाला होता, आणि मी तो भाग कचरा समजून पुसून टाकला होता.

मी जुनं चाक उन्हात ओढायला लावलं. डिझेल आणि तारेचा ब्रश घेऊन बसले. गंगूमावशी पदर खोचून दुसऱ्या बाजूला बसली. दुपार झाली, आम्हा दोघींचे हात कोपरापर्यंत काळे झाले, आणि अप्पा, थराखालून तुमचे दाते निघाले. जसे ओतले तसेच. मी पुन्हा पूड फवारली, पुन्हा यंत्र फिरवलं, या वेळी फक्त कडेवरून.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगते, ती तुम्हालाही माहीत नसेल. संगणकात आपण बिनचूक आखलेलं चाक आणि खरं चाक एकमेकांवर ठेवून बघता येतं. जिथं जुळतं तिथं हिरवं, जिथं चुकतं तिथं लाल. तुम्हाला कुणी माप विचारलं की म्हणायचात, 'अंदाजे धरलंय.' मी तुमच्या कडा ठेवून बघितल्या. हिरव्या. एक, दोन, दहा, वीस. शाबूत राहिलेले पंचेचाळीसही दाते हिरवे! केसाइतकाही फरक नाही. अंदाजे? इतकं खोटं बोलत होतात तुम्ही आयुष्यभर? बाजेवर बसून मी एकटीच हसायला लागले. काकांना वाटलं, पोरीचं काही खरं नाही.

त्या कडेवरून मी अख्खा दाता पुन्हा उभा केला. नमुना पुन्हा कोरला. महादप्पांनी मातीत हात घालायचा नाही असं त्यांच्या मुलानं बजावलेलं, तरी वाळू स्वतः चाळली. तोवर तोडलेला ऊस काकांनी शेजारच्या गुऱ्हाळावर नेऊन गाळून घेतला होता, पण फडातला उभा होता, आणि सगळे माझ्या भरवशावर थांबले होते. हो, भरवशावर. एकदा चुकलेल्या पोरीवर भरवसा ठेवणारी माणसं तुम्ही जोडलेली आहेत, हेही मला तिथं कळलं.

गेल्या सोमवारी चाक बसलं. काकांनी मोटार चालू केली. आवाज आला तो गिरणीच्या पट्ट्यासारखा, एकसारखा. गंगूमावशीनं पहिला ऊस सारला. रसाची धार लागली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं आपापल्या कामाला लागली, चुलवाण पेटलं, इतकंच.

काका कान देऊन उभे राहिले. म्हणाले, "अप्पाचंच चाक हाय हे."

मी म्हणाले, "अर्धं अप्पाचं, काका. अर्धं माझं."

"व्हय," ते म्हणाले, "तेबी खरं हाय."

तुम्ही असतात तर मला हे बोलू दिलं असतंत का? वाटतं, दिलं असतंत. तोंडावर काही बोलला नसतात आणि महिनाभर भालकीच्या बाजारात सांगत फिरला असतात.

परवा घरी आले आणि अव्वाला विचारलं, अप्पांनी आणखी कुठंकुठं कामं केली? मला वाटलं, तिला काय आठवणार. तिनं तांदूळ निवडता निवडता गावं सांगायला सुरुवात केली. चिंताकीची पिठाची गिरणी. औरादकडची दोन गुऱ्हाळं. करजगीचा भीमेवरचा पंप. कोणत्या कामाला किती दिवस बाहेर राहिलात, परत आलात तेव्हा कोणता सदरा फाटला होता, सगळं तिला पाठ! अकरा जागा झाल्या. मी लिहून घेतल्या. मग सहज विचारलं, "तू यातलं काय काय बघितलीस गं?"

म्हणाली, "मी कुठं बघणार? मला कोण न्यायलंय?"

अप्पा, हे बरोबर नाही केलंत. चाळीस वर्षं तिनं तुमच्या डब्याला भाकऱ्या बांधल्या, आणि तुम्ही केलेलं एकही चाक फिरताना तिनं बघितलेलं नाही.

म्हणून तुम्हाला शब्द देते. येत्या उन्हाळ्यात प्रत्येक सुट्टीला एकेक जागा घेणार. जे शाबूत आहे त्याचं माप ते फुटण्याआधीच घेणार, आणि प्रत्येक आराखड्यावर तुमचं नाव लिहिणार. सुरुवात चिंताकीच्या गिरणीपासून. गिरणीवाल्याला फोन केलाय, तो म्हणाला, चाक अजून फिरतंय. पुढच्या सीटवर अव्वा बसणार आहे. कोणतं लुगडं नेसायचं ते तिनं आत्ताच काढून ठेवलंय.

तुमची,
शैला