चेटकिणीचा हात

वेंडेल,

हॅलोवीनसाठी ओसरीत उभ्या केलेल्या चेटकिणीच्या बाहुलीला तू ट्रकच्या वायपरची मोटर बसवलीस. "हात नुसता हलला तर पोरं घाबरत नाहीत," म्हणालास. तोच हात आज शेजारच्या पोझीच्या डोळ्यावर बसला. पोर चेटकिणीला आपल्यातलं चॉकलेट भरवायला गेली होती रे! अँब्युलन्स पोझीला आणि तिच्या आईला, डार्लीनला, घेऊन गेली. मी मागोमाग निघते आहे. डोळा राहील की नाही, कुणी सांगत नाही.

चेटकिणीची वायर मी उपटली आहे. तू काही पुसून टाकू नकोस, लपवू नकोस. ओसरीचा दिवा बंदच ठेव, नाहीतर पोरं खाऊ मागायला येतील.

स्ट्रेचरवर झोपवताना पोझी विचारत होती, "लोर्नामावशी, चेटकीण माझ्यावर रागावली का गं?"

तिला उत्तर तू येऊन दे.

लोर्ना