प्लेटवरचं नाव

१ एप्रिल, मंगळवार

आजपासून रोजनिशी. इतिहासाला पुरावा लागतो.

सकाळी शेठनी सगळ्यांना शॉपफ्लोअरवर बोलावलं आणि जाहीर केलं की नव्या प्रोजेक्टची हेड उजमा. सहा वर्षांपूर्वी ही मुलगी ट्रेनी म्हणून अंबडच्या आमच्या कारखान्यात आली, तेव्हा तिला माप घ्यायचा व्हर्निअर कसा धरायचा ते मी शिकवलं. मी, राकेश वडनेरे, बी.ई. मेकॅनिकल, एकोणीस वर्षं सर्व्हिस. वर शेठ म्हणतात, वडनेरे, तुम्ही तिला सपोर्ट करा.

टाळ्या सगळ्यात जोरात मीच वाजवल्या. त्यामुळे कोणाला काही कळलं नाही.

तिने ईदचा शीरखुर्मा आणला होता. अपमान गिळून दोन वाट्या घेतल्या. नाही म्हटलं असतं तर संशय आला असता.

शपथ: बदला घेणार. ही वस्तू जगात माझ्या नावाने ओळखली जाईल. उजमाच्या नाही.

२ एप्रिल

वस्तू काय आहे ते लिहून ठेवतो. हल्लीच्या गाड्यांना पुढच्या काचेमागे, वरच्या बाजूला कॅमेरा असतो. तो रस्ता बघतो. त्याच्या मागचा छोटा कॉम्प्युटर ड्रायव्हरला सांगतो, लेनचा पट्टा सोडलास, पुढची गाडी जवळ आली. आपल्याकडच्या उन्हात हे डोकं तापतं आणि बंद पडतं. उजमाचा उपाय असा, की कॅमेऱ्याच्या पाठीला ॲल्युमिनियमची प्लेट लावायची, प्लेटमध्ये बारीक नाल्या, नाल्यांतून गार पाणी फिरवायचं.

मागच्या वर्षीच्या मीटिंगमध्ये मी पंखा सुचवला होता. म्हणजे गार करायची मूळ कल्पना माझी. तिने त्यात फक्त पाणी ओतलं.

५ एप्रिल, शनिवार

बदला, भाग एक: अबोला. कालपासून तिच्याशी एक शब्द नाही. विचारलं तर मान हलवतो.

संध्याकाळी: तिला वाटलं माझा घसा बसलाय. ज्येष्ठमध आणून दिला आणि कॅन्टीनला सांगून ठेवलं की वडनेरे सरांना गरम पाणी द्या. ज्येष्ठमध चांगला होता. शत्रूकडचा आहे हे विसरणार नाही.

९ एप्रिल

भाग दोन. कंपाउंडमध्ये एकच कडुनिंब आहे आणि त्याच्याखाली एकच गाडी मावते. तीन दिवस भल्या सकाळी येऊन ती जागा मी धरतोय. तिची ट्रायलची गाडी दिवसभर उन्हात. आज खिडकीतून बघून फार बरं वाटलं.

तिने शेठना सांगितलं की वडनेरे सरांनी सावली घेतली म्हणून उन्हातली टेस्ट आपोआप झाली, तीन दिवस कॅमेरा एकदाही बंद पडला नाही. शेठनी येऊन माझा हात हातात घेतला. ही बाई माझे वार स्वतःच्या कामाला लावते. बारीकसारीक काही करण्यात अर्थ नाही. मोठाच घाव घालायचा.

१० एप्रिल

घाव ठरला. अठ्ठावीस तारखेला पुण्याच्या गाडी कंपनीचे पाहुणे तिची ट्रायल बघायला येणार. ऑर्डर त्यांच्यावर आहे. त्याच दिवशी मी माझ्या गाडीत माझी स्वतःची सिस्टीम दाखवणार. तिच्यापेक्षा साधी, स्वस्त, गार. पाहुणे विचारतील, ही कोणाची? मी काहीच बोलणार नाही. नुसता हसेन. हसण्याची प्रॅक्टिस आरशात केली. संजनाने विचारलं, दात दुखतो का. बायकोला सगळं सांगायचं नसतं.

भंगारातून एक प्लेट उचलली. कॅमेऱ्याचा किट ऑनलाइन मागवून काचेला चिकटवला. त्यातली बाई धोका दिसला की ओरडते. इंदिरानगरच्या अंडरपासपर्यंत ती थांबलीच नाही. हातगाडी, म्हैस, रिक्षा, सगळ्यांना धोका म्हणते. दुपारी ऊन चढलं तशी गप्प झाली. इतकं शांत वाटलं की क्षणभर वाटलं, गार करूच नये.

१३ एप्रिल, रविवार

पाईपसाठी पिंपळगावला गेलो. संजनाचा भाऊ गोरक्ष, द्राक्षवाला. बाग मी गाडीतूनच बघतो, चिखलात उतरत नाही. खरड छाटणी चालू, त्यामुळे त्याला दम घ्यायला वेळ नव्हता. ही गुप्त मोहीम आहे, नातेवाइकांना खरं सांगितलं की ते अंबडपर्यंत पोचतं. म्हणून म्हटलं, बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी द्यायचंय, पाईप दे.

"मंग ह्योच न्या दाजी," म्हणाला, "लय भारी पाईप हाय." अख्खी गुंडाळी डिकीत टाकली. फुकट. बदला स्वस्तात होत असेल तर तो अधिक गोड लागतो.

घरी येऊन तपासणी केली. पाईपच्या आत ठरावीक अंतरावर जाड गाठी आहेत. मजबुतीसाठी असणार. गाठीपाशी बारीक भोक दिसतं, ते हवेसाठी असेल. आपल्याकडच्या कंपन्या आता इतका बारीक विचार करतात हे बघून अभिमान वाटला.

१४ एप्रिल, सुट्टी

दिवसभर फिटिंग. डिकीत गार पाण्याचा जार, त्यात बर्फ आणि हिरवं कूलंट. जारमधून पाईप छताला चिकटवत पुढे कॅमेऱ्यापर्यंत, प्लेटमधून फिरून छतानेच परत. पाय कुठे अडकत नाहीत. डिझाइन याला म्हणतात.

पंप संजनाच्या फिशटँकचा घेतला. मासे बादलीत.

भर दुपारी गाडी रस्त्याच्या कडेला उन्हात उभी केली. बाई चारपर्यंत ओरडत होती. एक थेंब गळला नाही. पुन्हा लिहितो, एक थेंब गळला नाही.

१६ एप्रिल

अडचण. माझ्या टेस्टला ऊन पाहिजे, म्हणून गाडी उन्हात लावावी लागते, म्हणून कडुनिंब उजमाला मिळतो. सकाळपासून तिची गाडी सावलीत मजा करतेय. विज्ञानासाठी माणसाने काय काय सोसायचं.

एक सोनेरी मासा बादलीत आडवा झाला. संजना माझ्याशी बोलत नाही. हा अबोला मी सुरू केलेला नाही.

२१ एप्रिल, सोमवार

उजमाने गाडी पाहिली. रागावेल वाटलं होतं. दार उघडून आत बसली, छताकडे बघत राहिली, म्हणाली, छान कल्पना आहे सर, अठ्ठावीसला पाहुण्यांना हीपण दाखवू या. स्वतःच्या पायावर धोंडा म्हणतात तो हाच.

जाताना विचारलं, सर, जास्त प्रेशरला लीक टेस्ट केली का? जळफळाट लपत नाही. मी विचारलं, व्हर्निअर कोणी शिकवला तुला? ती हसून म्हणाली, तुम्हीच. मग गेली. मी जिंकलो.

२६ एप्रिल, शनिवार

पारा एक्केचाळीसवर. फिशटँकचा पंप पाणी इतकं हळू ढकलतो की कॅमेऱ्यापर्यंत पोचेतो ते चहाला चालेल असं होतं. बाई दीड वाजताच गप्प.

गोरक्षला फोन केला. फवारणीचा बॅटरीचा पंप मागितला. इतक्या कुंड्या कशा झाल्या म्हणून तो चाट पडला. मी म्हटलं, गच्चीपण घेतली. रात्रीच्या टेम्पोने पाठवतोय.

२८ एप्रिल, सोमवार, सकाळी ७

फवारणीचा पंप जोडला. टेस्टला वेळ नाही, पण गरजही नाही. फिशटँकच्या पंपावर थेंब गळला नाही, हा तर त्याच्या कितीतरी पट चांगला पंप आहे.

पांढरा शर्ट. हसू तयार. आज संध्याकाळी माझं नाव पुण्यात असेल.

२८ एप्रिल, संध्याकाळी

लिहायची इच्छा नाही.

२९ एप्रिल

सिक लीव्ह. इतिहासासाठी लिहितो.

उजमाची ट्रायल सकाळी झाली. सगळं नीट. असो. मग पाहुणे माझ्या गाडीत. पुढे मोठे साहेब, मागे धाकटे साहेब, शेठ आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन उजमा. हायवेला लागलो. बाई जोरात ओरडत होती. मोठे साहेब म्हणाले, व्हेरी गुड, हे कोणी केलं? मी हसलो. अगदी तसाच, आरशातला.

आणि जास्त गार व्हावं म्हणून मिनिटभर थांबून, डिकी उघडून पंप फुल केला आणि पुन्हा निघालो.

आधी वाटलं शेठना घाम आलाय. मग त्यांचा घाम हिरवा दिसला. मागे वळून पाहिलं तर तिघांच्याही डोक्यावर, बरोबर टाळूवर, थेंब. एकाच्या डोक्यावर गळतंय आणि दुसऱ्याच्या नाही असं नव्हतं. सगळ्यांना समान वाटप. पुढे मोठ्या साहेबांवर आणि माझ्यावरही. माझा पांढरा शर्ट आता पांढरा नाही. उजमाने लॅपटॉप ओढणीखाली घेतला आणि शांतपणे म्हणाली, सर, पंप बंद करा. पंपाचं बटण डिकीत होतं.

मी गाडी कडेला घेतली तेव्हा बाई ओरडली, पट्टा सोडलात.

३० एप्रिल

गोरक्षचा फोन. कुंड्या कशा आहेत विचारत होता. खरं सांगावं लागलं. मग म्हणाला, "दाजी, ते ठिबकचं इनलाइन हाय. हर दीड फुटाला भोकच असतंय त्याला. पाणी हळू सोडलं तर बंद राहतं, जोरात सोडलं का झाडाला थेंब थेंब गळतं. गळायसाठीच बनवलेलं हाय ते. तुम्हीच तर कुंड्या म्हणले."

म्हणजे पाईपने आपलं काम चोख केलं. सिस्टीममध्ये दोष नव्हता. दोष नातेवाइकांत आहे.

२ मे, शुक्रवार

कामावर गेलो. राजीनामा खिशात तयार. शेठनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या केसांना अजून हिरवट झाक आहे. उजमाही होती. शेठ बोलायला लागले, तर तिने मध्येच थांबवलं. म्हणाली, सरांच्या गाडीमुळे एक मोठी गोष्ट कळली, कमी जोरावर ठीक वाटणारी वस्तू जास्त जोरावर फुटू शकते, आता प्रत्येक प्लेट दोन्ही जोरांवर तपासूनच बाहेर जाईल, पुण्याच्या साहेबांना हे पटलंय आणि ऑर्डर पक्की आहे.

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "या टेस्टला तुमचं नाव द्यायचं म्हणतेय. वडनेरे टेस्ट. चालेल ना?"

राजीनामा खिशातच फाडला. घरी पेढे. संजनाने पेढा घेतला आणि पंप कधी परत मिळणार विचारलं. तिला आज सगळं माफ आहे. बदला पूर्ण. शत्रूने स्वतःच्या हाताने माझं नाव लिहिलं. टेस्टचा इन्चार्जही मीच.

५ मे, सोमवार

टेस्ट बेंच लावला. पुण्याच्या मेलमध्ये नाव चार वेळा आलंय. प्रिंट काढून पाकिटात ठेवली.

९ मे, शुक्रवार

पहिला लॉट. ज्या प्लेटी पास होतात त्या सरळ पॅकिंगला जातात. त्यांच्यावर कोणाचंच नाव नसतं, कारण त्यांच्याबद्दल बोलायला काही नसतं. गळतात त्या लाल क्रेटमध्ये.

दुपारी बेंचवर उभा होतो. लाइनवरच्या चिमणाबाईंनी हवा भरलेली एक प्लेट पाण्यात बुडवली, बुडबुडे बघितले आणि पलीकडे ओरडून सांगितलं, "ह्यो बी वडनेरे झाला गं." पलीकडून कोणीतरी म्हणालं, सकाळपासून लय वडनेरे निघाले. त्यांना माझा राग नव्हता. मी शेजारी उभा आहे याचंही त्यांना काही वाटलं नाही. आता तो शब्दच तसा झालाय.

पुण्याहून मेल आला, की एकही वडनेरे पीस आमच्याकडे येता कामा नये. उजमा मॅडमनी लगेच बोर्डावर टार्गेट लिहिलं, महिनाअखेर वडनेरे शून्य.

संध्याकाळी रोजचा रिपोर्ट माझ्याकडे आला. आजचे वडनेरे: नऊ. खाली इन्चार्जची सही लागते.

केली. वडनेरे.