शेवटची प्रार्थना कोणाची

३ फेब्रुवारी १९७१, बुधवार
"पुन्हा," म्हटलं. यशवंत वाघमारे दारापर्यंत मागे गेले, पुन्हा चालत आले, मेजामागे उभे राहिले. आधी माणसांकडे पाहायचं, मग पुस्तकाकडे.
"बाई, बाकं तर रिकामे आहेत. पाहू कोणाले?"
"बाकांना."
"ते काही जांभया देऊन नाही राहिले अजून."
वर्गातले बाकीचे चौघे हसले. मीही. चर्चमध्ये आवाज घुमतो, म्हणून सावकाश बोलायला लावते. उपासना चालवायची ती या क्रमाने: गीत, वाचन, बोध, विनंत्या. बोध बारा मिनिटं, घड्याळ मेजावर. आज य. एकोणीसवर गेले. वाडीच्या संत्र्याच्या गोदामात हिशेबनीस, मोजणं त्यांना नवं नाही. बोलायला लागले की घड्याळ दिसत नाही, एवढंच.
साडेसातला मी प्रार्थना करून वर्ग संपवला.

५ फेब्रुवारी, शुक्रवार
शाळेतून येते तर पाळकसाहेब फाटकाशी. तीन मंडळ्यांच्या उपासना, एक सायकल. चहा नको म्हणाले म्हणजे काम अवघड.
शहराबाहेर वाडीला रविवारी संध्याकाळी होते ती उपासना पुढच्या महिन्यापासून त्यांना जमणार नाही. तिथला माणूस तिथे उभा राहिला तर चालू राहील. नाहीतर बंद, सगळ्यांनी शहरात यायचं.
"१४ला यशवंतला उभं करा. तुम्ही मागे बसा. तोंड उघडायचं नाही, बाई. मग सोमवारी, वाडी कोण सांभाळेल, ते एक नाव मला लिहून द्या."
कबूल केलं. य. तयार होतील. ऑक्टोबरपासून अठरा बुधवार घेतले आहेत, माझी पद्धत मला माहीत आहे.

७ फेब्रुवारी, रविवार
वाडीला. गोदामामागची भाड्याची खोली, संत्र्यांचा वास. अनसूयाबाई सतरंज्या घालत होत्या. संत्री भरण्याच्या कामावर असतात, नखं पिवळी.
शहरात यायचं झालं तर, असं विचारलं.
"कोन येते बाई? रविवारी आमाले चारले सुट्टी. धरमपेठेत पोचेपर्यंत तुमचं आमेन होऊन जाते."
त्यांची एक सवय आज लक्षात आली. सगळे बसल्यावर त्या दाराशी जाऊन चपला पाहतात. कोणाची नाही ते त्यावरून कळतं. मग गीत चालू असतानाच एखाद्याला खोलीवरून घेऊन येतात.
वर्गाला येऊ का म्हणून त्यांनी नोव्हेंबरात विचारलं होतं. वाचता येत नाही, म्हणून मी नाही म्हटलं. नियम माझाच. तेव्हा म्हणाल्या होत्या, "बरं बाई. सतरंजी तर घालू ना?"

१० फेब्रुवारी, बुधवार
य. बारा मिनिटं. बरोबर बारा. एकदाही खाली पाहिलं नाही. विनंत्यांचा कागद मी लिहून दिला: आजारी, प्रवासी, देश, राज्यकर्ते.
मी प्रार्थना केली, वर्ग संपला. दाराशी थांबले होते.
"तुमी याल ना, बाई?"
"येईन. बोलणार नाही."
"बसा फक्त. तुमी दिसल्या की बरं वाटते."
तयार आहेत.

१४ फेब्रुवारी, रविवार
बावीस माणसं. मी मागे, भिंतीला टेकून.
गीत चांगलं. वाचन चांगलं. बोध चालू असताना निवडणुकीची जीप भोंगा लावून दारावरून गेली. य. थांबले. "त्याचं होऊ द्या, मग माह्यं." लोक हसले. हे मी शिकवलं नव्हतं. फार बरं वाटलं.
बारा मिनिटं. विनंत्या वाचल्या. कागदाची घडी केली, खिशात ठेवली.
आणि उभे राहिले.
माझ्याकडे पाहत. मग सगळेच माझ्याकडे पाहू लागले. डोकी वाकलेली, डोळे तेवढे वर.
तेव्हा कळलं. एकोणीस बुधवार, आणि शेवटची प्रार्थना प्रत्येक वेळी मी. कोणाला करू दिली नाही. कागदावर लिहिलीही नाही. वर्ग संपवायचा म्हणून करत होते. ते पाहत होते की हे बाईंचं.
एक शब्द पुरला असता. शब्द दिलेला होता. सतरंजीकडे पाहत बसले. किती वेळ, सांगता येत नाही. घड्याळ मेजावर होतं.
दाराशेजारून अनसूयाबाई. उठल्या नाहीत.
"काहून गा, यशवंता? झालं ना तुह्यं? बस मंग."
य. बसले. तिने डोळे मिटले. "प्रभू, गंगाधर नाही आला, त्याचा पाय सुजला. शांता नाही आली, तिची सासू येऊ नाही देत." ज्यांच्या चपला दाराशी नव्हत्या त्या पाचही जणांची नावं. मग आलेल्यांची, एकेक, रांगेने. माझंही. "आन् बाई आल्या, त्याहीले सांभाळ." मग थांबली. सगळे आमेन म्हणाले. इतकं मोठ्याने वाडीत कधी ऐकलं नव्हतं.
"चला, चहा घ्या," म्हणाली.
वर तिला एकेरी लिहिलं गेलं. राहू दे.
य. बसस्टॉपपर्यंत आले. "मी चुकलो, बाई."
"तुम्ही नाही."
"ते तुमचंच असते ना, शेवटचं?"
बस आली.
घरी. पाळकसाहेबांची चिठ्ठी लिहायची आहे. य. वाचतात, बोलतात, भोंग्यापुढे थांबतात. अनसूयाबाईंना अक्षर येत नाही, आणि त्या खोलीत कोण नाही हे त्यांना एकट्यांनाच माहीत असतं. नाव एक मागितलं आहे. माझी चूक दुरुस्त होण्यासारखी आहे. वाडी बंद झाली तर मात्र…

१५ फेब्रुवारी, सोमवार, सकाळ
शाळेआधी चिठ्ठी दिली. दोन नावं. पाळकसाहेबांनी उभ्यानेच वाचली.
"एक मागितलं होतं, बाई."
"हो."
चिठ्ठी बायबलमध्ये ठेवली, सायकलवर बसून गेले.
वाडीच्या बसवाल्याबरोबर अनसूयाबाईंना निरोप पाठवला: बुधवारी सहाला वर्गाला या, रविवारी सतरंजी दुसरं कोणी घालेल.