लाल रेघेची राखण

प्रिय धाकट्या,

दोन गल्ल्या सोडून राहणारी बहीण पत्र कशाला लिहिते, म्हणून हसशील. समोर आले असते तर तू नुसतं 'ताई' म्हणाला असतास आणि मी गप्प बसले असते. म्हणून लिहिते.

लाँड्रीतल्या भिंतीवरचा थर्मामीटर तुझ्या भावजींनी लावून घेतला. पारा लाल रेघेवर गेला की वाफेच्या इस्त्र्या बंद, सगळ्यांनी बाहेर सावलीत बसायचं. मालकाकडून हे कबूल करून घेताना तू त्यांच्या शेजारी उभा होतास. तू मुकादम झालास तेव्हा ते म्हणाले, "आता घोर नाही, रेघेची राखण घरच्याच माणसाकडे."

ते इस्त्रीपाशीच कोसळून गेले तेव्हा तू माझ्याहून जास्त रडलास. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतास, भावजी हट्टी, पाणी प्या म्हटलं तर ऐकायचे नाहीत. मला खरंच वाटलं. मग तू मला तिथेच लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायच्या कामावर लावलंस, तेव्हा वाटलं, पाठचा भाऊ असावा तर असा.

परवा जेवणाच्या सुट्टीतून मी लवकर परतले. तू स्टुलावर चढून पाऱ्याच्या गोळीला ओलं फडकं गुंडाळत होतास. मला पाहून म्हणालास, "काच पुसतोय गं." मी वाचनालयातली पुस्तकं अर्धी समजून, अर्धी न समजून वाचणारी बाई, पण ओल्या फडक्यानं पारा उतरतो एवढं मला कळतं. घडीवाली मावशी तर खुदकन हसली. "तुझा भाऊ रोज न्हाऊ घालतो त्याला. आमच्यापेक्षा तोच लाडका. गेल्या उन्हाळ्यातही हेच."

गेल्या उन्हाळ्यात. ते गेले त्या दुपारी त्यांना गरगरत होतं. इस्त्रीवरचा जोडीदार म्हणाला, बाहेर बसा जरा. ते भिंतीकडे बघून म्हणाले, "रेघ लांब आहे अजून, मीच मऊ पडलोय." जोडीदारानं हे मला तेव्हाच सांगितलं होतं, अर्थ परवा लागला. स्वतःच्या अंगापेक्षा त्यांनी पाऱ्यावर भरवसा ठेवला, कारण राखणीला तू होतास.

मालकानं दमात घेतलं असेल. तुलाही लेकरं आहेत. पण तू नुसती मान हलवून खुणावलं असतंस तरी ते बाहेर जाऊन बसले असते रे. त्यांच्या मानेवर हवं होतं ते फडकं तू पाऱ्याला बांधलंस.

उद्या त्यांच्या मरणाच्या चौकशीचे साहेब येताहेत. "भावजींना सकाळपासून ताप होता म्हण," असं तू शिकवलंस आणि मी हो म्हटलं. ते मी म्हणणार नाही. त्या सकाळी डबा देताना हात लागला होता, अंग गार होतं त्यांचं. मी फडक्याचं सांगणार आहे. तुझी नोकरी जाईल, बहुतेक माझीही. परक्याकडून कळू नये म्हणून आधी तुला कळवलं. माझ्याआधी तुला बोलायचं असेल तर सकाळी लवकर ये, चहा टाकते. मग साहेबांपुढे माझ्या शेजारी उभा राहा, जसा त्यांच्या शेजारी राहिला होतास.

अजून तरी तुझीच,
ताई