ब्लॉग माझा, विकी सगळ्यांचा

४ मार्च, सकाळी ९.१०
लिफ्ट-दुरुस्तीत सत्तावीस वर्षं झाली. काल मॅनेजरबाई म्हणाल्या, साहेब, तुम्ही सहा महिन्यांत रिटायर होणार, डोक्यात आहे ते ऑनलाइन टाका. मी ब्लॉग निवडला. आमच्यातली चष्मेवाली मेकॅनिक म्हणाली, त्यापेक्षा विकी करू, सगळ्यांना लिहिता येईल, चुकलं तर दुसरा सुधारेल. मी हसलो. ब्लॉग म्हणजे एक माणूस, एक माईक. विकी म्हणजे तोच माईक गर्दीत फेकून देणं. बाई म्हणाल्या, दोन महिने दोन्ही चालवू, मग एकच ठेवू. बिचारी चष्मेवाली.
संकल्प : रोज एक पोस्ट.

९ मार्च
पहिली पोस्ट टाकली. 'मी आणि लिफ्ट', चौदा परिच्छेद. लिफ्ट अजून आलेली नाही, पण माझं बालपण भक्कम उतरलंय. रोज एक म्हणजे घाईच होईल. आठवड्याला एक. दर्जा महत्त्वाचा.

१२ मार्च
एकतीस वाचक! बायको म्हणाली, अहो, तुम्ही दर दहा मिनिटांनी उघडून बघता, ते पण मोजत असतील. तिला टेक्नॉलॉजीतलं काही कळत नाही.
दुपारी मुद्दाम उघडलं नाही. आकडा हलला नाही. सर्व्हर डाऊन असणार.

२० मार्च
विकीवर चाळीस पानं. कोणी लिहिली, कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही. स्टोअरकीपरनेही लिहिलंय! शुद्धलेखन बघवत नाही. मी गुपचूप एक वेलांटी सुधारली. निव्वळ भाषेवरच्या प्रेमापोटी.

२४ मार्च
नव्या मॉडेलच्या पानावर चष्मेवालीने लिहिलंय : लिफ्ट अडकली तर आधी सर्वांत वरच्या मजल्यावर दाराशेजारची पेटी उघडा. सत्तावीस वर्षं मी गच्चीवरच्या मशीनरूममध्येच जातोय. पेटी कसली? ओळ उडवली. नऊ मिनिटांत परत आली. पुन्हा उडवली. पुन्हा आली. असं सहा वेळा.
चहाच्या वेळी ती म्हणाली, काका, विकीवर कोणी काय बदललं ते नाव-वेळेसकट दिसतं. मी म्हटलं, माझा पासवर्ड चोरीला गेलाय. ती म्हणाली, मग बदलून टाका.
दुपार पासवर्ड बदलण्यात गेली.

११ एप्रिल, संध्याकाळी ७
आमच्या इमारतीत गेल्या महिन्यात नवं मॉडेल बसलं. आज सासूबाई आल्या आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये अडकल्या. कंपनीचा माणूस यायला तास लागणार होता. सगळा मजला माझ्याकडे बघतोय. मी म्हटलं, दोन मिनिटं. गच्चीवर धावलो. मशीनरूमच नाही! नुसती पाण्याची टाकी.
खाली आलो. सासूबाई आतून म्हणाल्या, जावईबापू, तुम्ही काढताय की एखाद्या मेकॅनिकला बोलावू?
मोबाइलवर माझा ब्लॉग उघडला. 'अडकलेली लिफ्ट' या पोस्टमध्ये माझं कॉलेज संपतं आणि पुढचं पुढच्या भागात आहे. पुढचा भाग मी लिहिलेला नाही.
नाइलाजाने विकी उघडला. ती ओळ होती. वरच्या मजल्यावर दाराशेजारी पेटीही होती. विकीवर त्या ओळीखाली करायच्या पाच पायऱ्या होत्या, पहिली मेन स्विच बंद करण्याची. अकरा मिनिटांत सासूबाई बाहेर. बायकोला म्हणाल्या, बराच हुशार दिसतो गं, फोनवर बघून केलं.
चष्मेवालीला फोन करून सासूबाईंचं सांगितलं, वर म्हटलं, तुझं पान तपासलं, ठीक आहे. ती म्हणाली, काका, आजी बऱ्या आहेत ना? आवाज चढवायची माझी तयारी होती. नुसतं हो म्हणालो.

५ मे
मीटिंग. ब्लॉग बंद. कोणाची हरकत आहे का, असं बाईंनी विचारलं. मी सगळ्यांकडे बघितलं. सगळे बिस्किटांकडे बघत होते.
माझ्या नऊ पोस्ट विकीवर हलवायचं ठरलं.

९ मे, दुपारी ३
हलवल्या. आत्तापर्यंत अकरा जणांनी हात फिरवला. बालपण गेलं. कॉलेज गेलं. 'माझं तत्त्वज्ञान' तर स्टोअरकीपरनेच उडवलं. नऊ पोस्टच्या चार ओळी उरल्या, जुन्या मॉडेलचा ब्रेक घासायला लागल्याचं आवाजावरून कसं ओळखायचं त्याच्या. खाली चष्मेवालीने लिहिलंय : हे फक्त काकांना येत होतं.
ओळी तपासल्या. चूक सापडली नाही. पुन्हा तपासल्या.