सूज नसलेले पाय

घरच्या हेडबाईंना दुरून सप्रेम नमस्कार.

मी बरा आहे. गोदामात आता लेबलं चिकटवायचं काम मिळालंय. "जरा बसा" म्हणून तू वर्षानुवर्षं कटकट केलीस, शेवटी साहेबांनीच बसवलं.

परवा फोनवर मी सूज म्हणालो आणि तू म्हणालीस, "आधी पायांचा फोटो पाठवा." आई तुझ्या शेजारी ऐकत होती, म्हणून तेव्हा खरं सांगितलं नाही. अगं, ही सूज पायावर दिसत नाही. ती आत रक्तवाहिनीत असते, रक्त तपासलं की कळते. डॉक्टरबाई म्हणाल्या, हृदयाच्या नळीत बसवलेली जाळी, ती स्टेंट, जागेवर आहे, पण सुजेचा आकडा असाच चढा राहिला तर नळी तिथेच पुन्हा अरुंद होण्याचा धोका जास्त. म्हणून आज परत रक्त देऊन आलो. हल्ली जिन्यात मध्येच टेकावं लागतं. वय झालं, दुसरं काय!

धाकटीची परीक्षा कशी गेली? आईचा गुडघा काय म्हणतोय?

पायांचा फोटो सोबत ठेवलाय. आईला दाखव आणि सांग, सूज कुठेच नाही. तिला तेवढं पुरे.

तू मात्र फोटोवर जाऊ नकोस.

तुझाच,
बसून खाणारा